मौजे चंद्र, तालुका कल्याण

आज माझ्या पानात जे पडतं ते एका माणसामुळे. ते कल्याणच्या एका लहानशा कोठडीचे दारोगा होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे येणार आहे त्यात ते थोडे वेडे दिसतील आणि मी पुरता मूर्ख दिसेन. माझ्याबद्दल तसं मत झालं तर खुशाल होऊ द्या. माझ्याजवळ त्याचा सरकारी दाखलाच आहे, तो शेवटी दाखवतो. त्यांच्याबद्दल मात्र घाई करू नका, एवढीच विनंती.

मी एरंडोलकडचा. शिक्षण मराठी पाचवी आणि इंग्रजी दीड यत्ता. दीड कशी, असं लोक विचारतात. दुसरीच्या मध्यावर वडील वारले, एवढंच मी सांगतो. पण वडील असते तरी फार तर पावणेदोन झाली असती, कारण त्रैराशिक आलं की माझ्या पोटात कळ येई, आणि ती कळ खरी असे. एक गोष्ट मात्र देवानं दिली होती, ती म्हणजे अक्षर. मोत्यासारखं म्हणतात तसं. मोत्याला आपण कोणाच्या गळ्यात आहोत याचा पत्ता नसतो, तसा माझ्या अक्षरालाही मजकुराचा फारसा पत्ता नसे.

त्या अक्षराच्या जोरावर, मामांच्या ओळखीनं, मी कल्याणच्या तालुका कचेरीत उमेदवार म्हणून चिकटलो. उमेदवार म्हणजे जागा रिकामी होईपर्यंत फुकट राबणारा आणि येईल त्याला नमस्कार घालणारा. जेवायला मामांच्या ओळखीच्या घरी वार लावलेले होते. इकडे आईनं गावभर सांगून टाकलं होतं की पोरगा सरकारात कारकून झाला. उमेदवार म्हणजे काय ते तिला समजलं नव्हतं, की समजून घ्यायचंच नव्हतं, कोण जाणे. आता कारकून होणं मला भाग होतं. न होता परत जाणं म्हणजे आईला पाणवठ्यावर चारचौघींत खोटं पाडणं. त्या एका धास्तीवर माझा दिवस उगवे आणि मावळे.

कोठडी, म्हणजे तालुक्याचा तुरुंग, लहानच होती. सहा खोल्या, मध्ये चौक, चौकात चिंच. शहाडचा कोणी नदीकाठी मारामारी केलेला, टिटवाळ्याचा कोणी शेजाऱ्याचा बैल दडवलेला, असे लोक पंधरा दिवस, महिना राहून जात. मोठी शिक्षा झालेला माणूस ठाण्याला जाई. दारोगाही ठाण्याकडचेच, खाडीकाठच्या किरिस्तांव वस्तीतले. उंच, थोडे वाकलेले, अंगात बारा महिने एकच काळा कोट. बोलणं खाडीकाठचं, पण लिहिणं असं शुद्ध की शिरस्तेदारांनी त्यावरून आपलं तपासून घ्यावं.

पहिल्या दिवशी मी कोठडीचं दफ्तर लिहायला नेमल्याची कचेरीची चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, तर त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि वही उघडली.

"उंची किती?"

"माहीत नाही."

"अंगावर काय तीळ, व्रण?"

"कानामागं तीळ आहे."

"दाखव."

दाखवला. त्यांनी लिहून घेतला. मला वाटलं चिठ्ठीत काही घोटाळा झाला आणि मला आत टाकताहेत. मी दाराकडे सरकलो.

"घाबरू नको," ते म्हणाले. "सगल्यांचा लिवतो. आता पलालास तरी सापडशील. राहतोस कुठं?"

"अजून कुठंच नाही."

"चार नंबर रिकामी हाय."

चार नंबर म्हणजे त्या सहांतलीच चौथी खोली. तिचं छप्पर गळे, म्हणून ती कैद्यांना राहण्यास अयोग्य असा शेरा वरून आलेला होता. उमेदवारांबद्दल शेऱ्यात काही लिहिलेलं नव्हतं. अशा रीतीनं, घरातल्या सात पिढ्यांत कोणी गेलं नव्हतं तिथं मी स्वखुशीनं जाऊन राहिलो, आणि आईला लिहिलं की सरकारी जागा मिळाली आहे.

अडचण एकच होती. तुरुंगाच्या खोलीला कडी बाहेरून असते. मला लहानपणापासून दार आतून लावून, कडी तीनदा ओढून पाहिल्याशिवाय झोप लागत नाही. तिसऱ्या दिवशी दारोगांनी विचारलं, "डोले का लाल रे?" मी खरं सांगितलं. सांगताना मलाच हसू येत होतं, पण ते हसले नाहीत. टिटवाळ्याचा बैलवाला सुतारकाम जाणत होता. त्याला बोलावून दुपारपर्यंत आतून कडी बसवून दिली आणि स्वतः तीनदा ओढून पाहिली. साऱ्या मुलखात आतून कडी असलेली तुरुंगाची खोली तेवढी एकच असेल.

संध्याकाळी चौकात हजेरी होई. दारोगा चिंचेखाली उभे राहून बोटानं मोजत, "बारा, तेरा, चौदा. आन् एक." आन् एक म्हणजे मी. पहिले आठ दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्याभरानं अशी स्थिती झाली की ते "आन् एक" कानावर पडेपर्यंत मला चैन पडेना. एकदा मी धोतर धुवायला नदीवर गेलो आणि तिथंच बसून राहिलो. परत आलो तर हजेरी थांबलेली, चौदा कैदी ताटकळत उभे, आणि दारोगा फाटकात. "आन् एक कुठाय" असं ते जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते. बैलवाला मला म्हणाला, "कारकून, पळायचं तर नीट पळा, आमचं जेवण का थंड करता?"

मोजण्याची त्यांची सवय कोठडीपुरती नव्हती. रविवारी ते चर्चमध्ये मिस्सासाठी ठाण्याला जात, तिथंही आधी डोकी मोजत. पाद्रीबाबा त्यांना म्हणाले, देवाच्या घरात हजेरी देव घेतो. हे म्हणाले, "घेऊ दे की. पन दोघांचा आकडा जुलला पायजे." हातात वेताची छडी असे. बाजारातून जाताना कोणाच्याही खिडकीच्या गजांवर ती मारून आवाज ऐकत. एका वाण्याला त्यांनी दुकानात शिरून सांगितलं, तुझा तिसरा गज पोकळ वाजतो. वाणी रागावला. आठ दिवसांनी तोच गज कापून कोणी आत शिरलं, तेव्हा सगळ्यांत आधी संशय दारोगांवरच आला.

आणि मग चंद्र.

ठाण्याला पाद्रीबाबांनी शाळेच्या अंगणात दुर्बीण आणून ठेवली होती. दिवेलागणीला लोकांची रांग लागली. कोणी पाहून हात जोडले, कोणाला काहीच दिसलं नाही पण तो दिसलं म्हणाला. दारोगांनी डोळा लावला तो काढीनात. मागून ढकलाढकल सुरू झाली. शेवटी ते वळले आणि म्हणाले, "बांधकाम चांगला हाय."

ही हकीगत मला त्यांनीच सांगितली.

"गोल गोल तट हायेत. एक नाय, शेकड्यानं. आत सपाट चौक. आन् दरवाजा कुठं दिसत नाय. आता तू सांग, दरवाजा न दाखवता येवढे तट कोन बांधील? देऊलवाला बांधील? शेतकरी बांधील?"

"पाद्रीबाबा काय म्हणाले?"

"ते म्हनतात डोंगर हायेत, फुटलेले." त्यांनी छडीनं चौकटीवर टकटक केलं. "त्यांनी कवा तुरुंग चालवलाय?"

तेव्हापासून नऊ वर्षं ते चंद्रावरच्या तुरुंगाचं दफ्तर लिहीत होते. आपलं सरकार जसं जन्मठेपेच्या माणसाला काळ्या पाण्यावर धाडतं, तसं सूर्याचं एक सरकार असून ते साऱ्या ग्रहांवरचे कैदी चंद्रावर धाडतं, असं त्यांनी ठरवलं होतं. दुर्बिणीतून कारभार दिसत नाही, म्हणून तो कसा चालत असेल ते हिशेबानं काढायचं. मंगळाला दोन चंद्र असल्याचा शोध लागला आहे, असं पाद्रीबाबांकडून कळलं तेव्हा ते दिवसभर खुशीत होते. "बरोबर हाय. एक कच्च्या कैद्यांचा, एक पक्क्यांचा." गुरूचे चार, त्यांतला एक बायकांसाठी वेगळा. शुक्र सदा ढगात, म्हणून ती एकांतकोठडी. शनीभोवती कडं आहे हे ऐकून ते हळूच म्हणाले, "त्याला बेडी हाय. त्यानं काय केला असंल?"

कच्चं लिहिलेलं पक्कं करायला त्यांना अक्षर हवं होतं. दुपारी कचेरी सुस्तावली की ते मला बोलावत. सरकारनं रद्द केलेले जुने छापील तक्ते त्यांनी जपून ठेवले होते, त्यांवर मी चंद्राची नक्कल करी. छापील रकाना मोकळा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गावाच्या रकान्यात त्यांनी 'मौजे चंद्र' लिहायला सांगितलं. तालुक्याचा रकाना आला तेव्हा मी थांबलो.

"तालुका कल्यान लिव," ते म्हणाले. "तूर्त. आपल्याच डोक्यावर उगवतो ना?"

चंद्रावर माणूस सहापट हलका होतो, हे त्यांनी पाद्रीबाबांना तीनदा विचारून घेतलं होतं. म्हणून आपली भिंत अठरा फूट, तर तिथली एकशे आठ. धान्य तराजूनंच तोलायचं, स्प्रिंगच्या ताणकाट्यानं नाही, तो सहापट कमी दाखवील आणि शिपाई मधल्या मधे खातील. शिपायांच्या बुटांत शिसं. एका कैद्याच्या नावापुढं 'पळाला' आणि 'मेला' हे दोन्ही रकाने कोरे ठेवून शेऱ्यात लिहिलं होतं, 'वर गेला, अद्याप खाली आलेला नाही.'

सगळ्यांत त्यांना छळलं ते दिवसानं. चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपला जवळजवळ महिना. मग पंधरा दिवसांची शिक्षा झालेल्या माणसाचं काय? कल्याणात तर चंद्रापर्यंत जायचीही गरज नव्हती. स्टेशनातलं घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले, आमचा कचेरीचा तास मुंबईच्या सूर्यावर. स्टेशनात साडेनऊ झाले तेव्हा आमच्याकडे नऊचे टोल पडत. "एका गावात दोन नऊ," ते म्हणत. "मानूस सुटला कवा म्हनायचा?" शेवटी त्यांनी नियम केला आणि तो मला दोनदा लिहायला लावला. कैद्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या घरच्या सूर्यानं मोजावा.

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुजा गाव उगवतीला ना? नकाशा आन."

नकाशावर त्यांनी दोऱ्यानं मोजलं, बोटांवर हिशेब केला.

"नऊ मिनिटं. तुज्या आयेचा सूर्य तुज्या आधी नऊ मिनिटं उगवतो. तू उठतोस तवा ती चूल पेटवून बसली असंल."

मी मान खाली घालून नक्कल करत राहिलो. त्या पानावर एक डाग पडला, तो शाईचा नव्हता. पण हे सगळं चाललं असताना मजकुरातलं किती मला कळत होतं म्हणाल, तर मी फक्त "हो, हो" म्हणत होतो. भिंत अठराची एकशे आठ का, हे त्रैराशिक असल्यामुळे मी तिकडे बघितलंच नाही.

आता माझा पराक्रम ऐका.

महिन्याचा कैद्यांचा तक्ता ठाण्याच्या वरिष्ठ कचेरीत जाई. त्या महिन्यात एक कारकुनाची जागा रिकामी झाली होती आणि माझं नाव वर गेलेलं होतं. म्हणून मी ठरवलं की हा तक्ता असा पाठवायचा की ठाण्यात कोणी बोट ठेवू नये. त्याच दुपारी चंद्राचाही एक तक्ता पुरा केला होता. दोन्ही एकाच आकाराचे, दोन्ही माझ्याच अक्षरात, दोन्ही वाळत ठेवलेले. मी लखोटा केला, लाख लावली, शिक्का मारला. लाख नीट बसली का ते तीनदा पाहिलं. पत्ता तीनदा वाचला. गाठ तीनदा ओढली. आत काय घातलंय ते एकदाही पाहिलं नाही.

बारा दिवसांनी ठाण्याहून उत्तर आलं. दारोगांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे दिलं. मौजे चंद्र हे गाव आपल्या तालुक्याच्या यादीत आढळत नाही, तरी खुलासा व्हावा. एकशे आठ फूट उंचीची भिंत कोणाच्या मंजुरीने बांधली? सलग पंधरा दिवसांच्या रात्रीस दिव्याचे तेल पुरविल्याचा आधार काय? वर गेलेला इसम फरारी धरावा की मयत? आणि खाली, साहेब स्वतः तपासणीस येत आहेत, तक्ता लिहिणाराने हजर राहावे.

"लिहिणारा मी," मी म्हणालो.

"अक्षर तुजा," दारोगा म्हणाले. "जा, जेवून घे."

मी जेवलो नाही. चंद्रावरच्या खोट्या तक्त्यापायी बडतर्फ झालेला उमेदवार, हे गावात कसं सांगायचं याचा विचार करत पडून राहिलो. सकाळी, साहेब यायच्या दिवशीच, वळकटी बांधली आणि कोणाला न सांगता निघालो. खानदेशाकडची गाडी सव्वानऊला होती. कचेरीचे नऊचे टोल पडले तेव्हा मी स्टेशनाच्या पायऱ्यांवर होतो. पाव तास हाताशी आहे म्हणून निवांत चढलो. फलाट झाडून होत आला होता.

"खानदेशची गाडी?"

झाडणाऱ्यानं पूर्वेकडे झाडू दाखवला. "ती काय. धूर दिसतोय बघा."

एका गावातल्या दोन नऊंवर मी स्वतःच्या हातानं तीन पानं लिहिली होती. दोनदा नक्कल केली होती. आणि गाडी पकडायला कचेरीच्या टोलावर निघालो. पुढची गाडी संध्याकाळी. वळकटी काखेत घेऊन, दुसरं काही सुचेना म्हणून, मी कोठडीवरच परत आलो.

फाटकात दारोगा उभे. वळकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पलालास?"

"हो."

"गाडी गेली?"

"हो."

त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपलं. "आपसुक हजर झाला, असा लिवतो. शिक्षेत सूट मिलते. जा, तोंड धू, साहेब आलेत."

साहेब टेबलाशी बसले होते, समोर माझा सुंदर तक्ता. शिरस्तेदार बाजूला उभे, चेहरा सुतकी. साहेबांचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं.

"हे अक्षर कोणाचे?"

मी शिरस्तेदारांकडे पाहिलं.

"अक्षर त्याचा, मजकूर माजा," दारोगा म्हणाले. "चंद्रावरचा तुरुंग हाय, साहेब. चुकून लखोट्यात गेला."

"चंद्रावरचा." साहेबांनी तक्ता उलटा करून पाहिला. "आपण किती वर्षे हे करता?"

"नऊ. कामाच्या येली कवा नाय केला. कागद रद्दीचा हाय."

साहेबांनी बाकीचं दफ्तर मागवलं. दारोगांनी सगळे गठ्ठे आणून ठेवले. साहेब वाचू लागले. आम्ही उभे. शिरस्तेदार दोनदा खोकले. भिंतीच्या पानावर आल्यावर साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि मान हलवली.

"हे चूक आहे. कैदी हलका झाला, त्याचे हात लांब झाले नाहीत. येथे तो तीन फूट उडी मारतो, तेथे अठरा मारील. हात वर करून सात फूट, हे येथेही सात आणि तेथेही सात. झाले पंचवीस. येथे दहांवर आठ फूट जास्त ठेवता, तेथेही आठ ठेवा. तेहतीस फूट पुरे."

दारोगा टेबलाजवळ सरकले. ओठ हलवत त्यांनी हिशेब केला. इतका वेळ जे घाबरले नव्हते ते आता घाबरल्यासारखे दिसले, मग चेहरा उजळला.

"पंच्याहत्तर फूट वाचले की, साहेब."

"सुटकेचा रकाना सर्वत्र कोरा का आहे?"

"तेच रायलाय. तिथून परत आनायचा कसा, ते नाय जमत. नेनं जमतंय."

साहेब खोल्या बघायला उठले. चार नंबरशी थांबले, आतली कडी बोटानं हलवली.

"ही आतून का?"

"इथला मानूस भितो, साहेब."

साहेबांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा वळकटी धरूनच उभा होतो.

परत टेबलाशी आल्यावर साहेबांचा स्वर बदलला. गंमत वेगळी, सरकारात खोटा तक्ता गेला हे वेगळं. जबाबदारी कोणावर तरी ठेवावी लागेल. हे दफ्तर पुरावा म्हणून जप्त होईल. राहता राहिला उमेदवार. त्यानं जाणूनबुजून पाठवला असेल तर त्याचं नाव यादीतून काढावं लागेल.

मला आई दिसली. पाणवठा दिसला.

"लिवून देतो," दारोगा म्हणाले, आणि टाक घेऊन तिथंच लिहिलं. तो कागद माझ्या नोकरीच्या दफ्तरात अजून आहे, त्याची नक्कल मी स्वतः केली आहे, म्हणून शब्दन् शब्द देतो: 'सदरहू उमेदवार समजशक्तीने कमी असून, समोर कोणताही मजकूर असो, त्याचा अर्थ मनात न आणता हुबेहूब नक्कल करतो. चंद्राचा व तालुक्याचा तक्ता यांतील भेद त्यास कळणे शक्य नव्हते. सबब दोष माझा आहे.'

साहेबांनी वाचलं. "अर्थ मनात न आणता?"

"अजिबात नाय आनत."

साहेब माझ्याकडे वळले. "हे खरे आहे?"

मी धास्तीनं इतका गारठलो होतो की प्रश्न कानात शिरलाच नाही. मी म्हणालो, "काय?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. शिरस्तेदारांना म्हणाले, "नक्कल करणारा असाच पाहिजे. बाकीचे सर्व सुधारणा करतात." आणि माझ्या नावापुढं सही केली. आयुष्यात मी वेळेवर दिलेलं उत्तर ते तेवढं एकच.

दारोगांनी दफ्तर स्वतः बांधलं. शिपायाच्या हाती देताना म्हणाले, "दोनशे अकरा पानं हायेत. मोजून घे." शिपाई म्हणाला राहू द्या. यांनी मोजायला लावलं आणि पावती घेतली. ते गठ्ठे परत कधी आले नाहीत. मी पुढं ठाण्याला बदलून गेलो तेव्हा कपाटं धुंडाळली, रद्दीत पाहिलं, कुठं मिळाले नाहीत.

त्या संध्याकाळी हजेरी झाली. मी नेहमीच्या जागी उभा होतो. "बारा, तेरा, चौदा," दारोगांनी मोजलं, आणि वही मिटली. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग बैलवाला, दुसऱ्या बैलापायी पुन्हा आत आलेला, म्हणाला, "कारकून, तुम्ही आता सरकारातले. तुम्हाला कोण मोजणार?"

त्याला बरीच वर्षं झाली. मी कारकुनाचा अव्वल कारकून झालो. आई माझ्या पहिल्या सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, मी कधीच सांगितलं होतं. दारोगा नोकरी संपवून खाडीकाठी आपल्या घरी राहिले. गेल्या नाताळात भेटायला गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, काही दिसत नाही. ओटीवर बसले होते. माझी पावलं ऐकून म्हणाले, "एकच? बायकोपोरं नाय आनलीस?" मग मला जवळ बसवून कानामागं हात नेला आणि तीळ चाचपला.

"तूच हायेस," म्हणाले. "भिंत तेहतीस केलीस काय?"

ते मनाशी धरून चालले होते की मी ते सगळं केव्हाच परत लिहून काढलं असेल. मी "हो" म्हणालो.

खरी गोष्ट अशी की अकरा पानं झाली आहेत. मला ते दफ्तर पाठ आहे. शिशाचे बूट, तराजू, मंगळाचे दोन, वर गेलेला तो माणूस, सगळं, डागासकट. कसं पाठ झालं ते मलाही कळलेलं नाही. पण लिहायला बसलो की मनात येतं, हे कोणाच्या हाती पडलं तर? अर्थ मनात न आणणाऱ्या माणसाला हे आलं कुठून, असं सरकारनं विचारलं तर? दाखला खोटा, दारोगा खोटे, नेमणूक खोटी. मग मी दौत मिटतो आणि कडी तीनदा ओढून पाहतो. इतक्या वर्षांत या विचारात काही दम नाही हे मला कळलेलं आहे, पण कळून उपयोग झालेला नाही.

तरी हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येऊ नये. दोनशे अकराच्या दोनशे अकरा पानं मी पुन्हा लिहीन, विकत घेतलेल्या कोऱ्या कागदावर. भिंत तेहतीस फूट करीन. सुटकेचा रकाना त्यांना भरता आला नाही, तो मी भरीन. तिथून परत कसं आणायचं हे मलाही माहीत नाही. पण काय लिहायचं ते ठरलंय. प्रत्येक खोलीला आतून कडी असावी. मग एका दिवशी सगळे गठ्ठे घेऊन त्या ओटीवर जाईन, पानं एकेक त्यांच्या हातात मोजून देईन आणि पहिल्यापासून वाचून दाखवीन.

कारण साऱ्या नोकरीत त्यांनी सरकारला एकदाच खोटं लिहून दिलं, आणि ते माझ्यासाठी. ते खोटं होतं, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही. त्या दिवशी त्यांना कळेल.